खडखडाटाची सीडी

धोटा माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा फोडून खाली पडला. धोटा म्हणजे मागावर सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकूड. हातभर लांब, दोन्ही टोकांना पोलादी अणी. मी माईकचा स्टँड धरून उभी होते ती तशीच मटकन खाली बसले. समोर माग चालूच होता. त्या खडखडाटात जिनू माझ्याकडे बघून ओठ हलवत होता. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारतोय. नीट बघितलं तर तो विचारत होता, आवाज टेपवर आला का.

मी उठले, मागाचा खटका पाडला आणि हातातला हेडफोन त्याच्या तोंडावर फेकून मारला. त्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरत असताना तो उकिडवा बसून टेप मागे घेत होता, ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, "नाही आला, तांदळे. पुन्हा लावू."

मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. माझ्या वडिलांचं कराडात लग्नाचा बँड होता, तेव्हा माझा शिव्यांचा साठा बरा आहे. पण जेवण झाल्यावर आम्ही पुन्हा लावला.

जिनू म्हणजे जिनगोंडा मगदूम. एके काळी हे सांगावं लागत नव्हतं. मराठीत रॉक गाऊन पोट भरता येतं हे त्यानं दाखवलं. आमच्या 'खडी' बँडची गाणी कॉलेजच्या गॅदरिंगला वाजायची, रिक्षात वाजायची, गणपतीच्या मंडपात तर कार्यकर्ते भजनाच्या आधी ती लावायचे. जिनू गायचा आणि गिटार वाजवायचा, दुसरी गिटार नचिकेतची, ड्रम माझे. तो स्टेजवर आला की पोरं शर्ट काढून ओवाळायची. आणि अशा ऐन भरात या माणसानं ठरवलं की पुढची सीडी बिनगाण्याची. चाल नाही, शब्द नाही, नुसता यंत्रमागाचा आवाज, तोही बिघडलेल्या, ठेचकाळणाऱ्या मागांचा. त्यासाठी त्यानं आपल्या गावात, इचलकरंजीत, एक बंद पडलेला कारखाना भाड्यानं घेतला होता आणि जुने माग चालू करवले होते. धोटा बाहेर उडू नये म्हणून मागाला एक लोखंडी सळई असते, ती त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकली होती.

नचिकेतला हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. तो पुण्याचा, सरळ माणूस, मुद्दा मांडून बोलणारा. लोक आपल्याला गाण्यासाठी ओळखतात, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तिसऱ्यांदा सांगितल्यावर जिनूनं त्याच्या खांद्यावरून गिटार काढून घेतली, आणि तो काय करतोय हे कळायच्या आत ती चालत्या मागावर आडवी टाकली. माग तिला ठोकत राहिला. तारा तुटल्या, मान मोडली, लाकडाच्या ढलप्या उडाल्या. तो किंचाळणारा आवाज सीडीवर आहे. त्यानंतर नचिकेतनं जिनूच्या पोटात मारलेल्या गुद्द्याचा आवाजही सीडीवर आहे, पण तो कोणाला ओळखू येत नाही. नचिकेत त्याच दुपारी एसटीनं पुण्याला गेला आणि बँडमध्ये परत आला नाही.

मी का थांबले, हे मला लोकांनी पुष्कळदा विचारलंय. कोणी म्हणे प्रेम होतं. प्रेम कसलं डोंबलाचं. मी थांबले कारण मला भीती वाटत होती की हा एकटा राहिला तर त्या धोट्यासमोर जाऊन उभा राहील.

एकदा चहाच्या वेळी मी त्याला सरळ विचारलं, की हे सगळं कोणासाठी चाललंय. त्यानं बशी खाली ठेवली. मग बोलला.

त्याचे आईवडील लवकर गेले होते. त्याला वाढवलं ते थोरल्या भावानं, भूपाल मगदूमनं. जिनू त्याला अण्णा म्हणायचा. दोघे एकाच कारखान्यात मागावर. जिनू तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, आणि अण्णाचा माग त्याच्या बरोब्बर मागे. मागाच्या कारखान्यात एक रीत असते. तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू जात नाही. पण धोटा उडायच्या आधी मागाचा ठोका एकदोनदा चुकतो, आणि तो ज्याच्या कानाला लागेल त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची. शीळ खडखडाटाला चिरून जाते. ती ऐकली की कोण, कुठं, कशाला हे बघायचं नाही. होता तिथं खाली बसायचं, मान गुडघ्यात.

"माझ्याच मागाचा ठोका चुकला," जिनू म्हणाला. "मला कळलं. मी खाली बसलो. शीळ घातली नाही, तांदळे. धोटा माझ्यावरून गेला आणि अण्णाच्या डाव्या डोळ्यात घुसला."

त्यानंतर जिनू अण्णाला बघायला दवाखान्यातही गेला नाही. चार कपडे घेऊन पुण्याला पळाला. अण्णा त्याच्याशी पुढे एक शब्द बोलला नाही. मोठा झाल्यावर, नाव झाल्यावर जिनू दरवर्षी घरी जायचा. अण्णा त्याला बघितलं की उठून घरामागच्या परड्यात जायचा आणि हा गावातून जाईपर्यंत आत यायचा नाही.

मी म्हणाले, जा आणि पाय धर. सीडी कशाला काढतोस?

"तोंडानं नाही जमत मला," तो म्हणाला. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा आवाज असलेला माणूस हे म्हणत होता. "त्यानं एकदा हे ऐकावं. जे झालं तेच, तसंच. शिळेशिवाय. मग त्याला काय करायचं ते करू दे."

हवा तसा आवाज शेवटी आला. जिनूच्या बरगडीला धोटा चाटून गेला, कातडी सोलली गेली, आणि तो टाळ्या वाजवत हसायला लागला. मला त्या वेळी त्याची किळस आली होती.

सीडी बाजारात आली आणि जे व्हायचं ते झालं. ज्या पोरांनी शर्ट ओवाळले होते त्यांनीच पुण्यात त्याच्या दारापुढे सीड्यांचा ढीग करून पेटवला. एकानं त्याच्या तोंडाला काळं फासलं. सांगलीच्या एका कॉलेजात आम्हाला स्टेजवरून उतरवताना खुर्चीचा पाय माझ्या पाठीत बसला. उलट मुंबईत काही शहाणे होते, त्यांनी लेख लिहिले की असं धाडस मराठीत झालंच नव्हतं. दोन्ही बाजूंची माणसं चहाच्या टपरीवर एकमेकांच्या गळपट्टीला धरायची, आणि मी पैजेवर सांगते, त्यातल्या बहुतेकांनी सीडी पुरी ऐकलेली नव्हती. माझं म्हणाल तर मला ती आवडली नव्हती.

अण्णानं ती ऐकली की नाही हे मात्र कळायला मार्ग नव्हता. जिनू कुरिअरनं पाठवून मोकळा झाला होता आणि रोज माझं डोकं खायचा, ऐकली असेल का, ऐकली असेल का. अखेर त्यानं इचलकरंजीतच कार्यक्रम लावला. मागांच्या सुट्टीच्या वारी, दिवसाउजेडी, मोकळ्या मैदानावर, सगळ्यांना फुकट. अण्णा आपल्या दारात येणार नाही, पण मैदानात येईल, असं त्याचं गणित होतं. मी त्याला विचारलं, नाही आला तर? तो म्हणाला, मग मी संपलो. हे तो नाटकीपणानं बोलला नाही, म्हणून मला जास्त धास्ती वाटली.

मैदान भरलं. पुढे ताडपत्रीवर मागकामगार बायकापोरांसह बसले होते. गावचा पोरगा एवढा मोठा झालाय, बघू तरी काय करतो, या कौतुकानं आलेले. त्यांच्यामागे कोल्हापूर, सांगली, पुण्याहून मोटारसायकली हाणत आलेली पोरं उभी होती. त्यांना जुनी गाणी हवी होती आणि ती मिळेपर्यंत ती हलणार नव्हती. पुढचे बसलेले, मागचे उभे, अशी मांडणी कोणी मुद्दाम केली नव्हती. तसं झालं होतं.

जिनू स्टेजवर आला. टेप सुरू होणार एवढ्यात मी त्याला थबकताना बघितलं. स्टेजच्या कडेला, मोठ्या स्पीकरपाशी, एक उंच माणूस हाताची घडी घालून उभा होता. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, डावा डोळा मिटून शिवल्यासारखा. गावातलाच म्हणून त्याला कोणी अडवलं नसणार. जिनूचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मला खूण केली आणि मी ठोका धरला.

पहिला खडखडाट उठला तेव्हा पुढचे लोक हसले. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, सुट्टीदिवशीपण मागच व्हय रे. पण ते बसून राहिले. काही बायांची मान त्या ठोक्याबरोबर हलायला लागली. मागच्या पोरांना मात्र दम नव्हता. त्यांनी गाण्यांची नावं ओरडायला सुरुवात केली, मग पाण्याच्या बाटल्या आल्या, मग चपला, मग दगड. एक माझ्या मनगटावर बसला आणि काठी गळून पडली. मी दुसऱ्या हातानं वाजवत राहिले. जिनूच्या कपाळाला काहीतरी लागलं, तो पुसतही नव्हता. त्याचं लक्ष फक्त त्या कोपऱ्याकडे होतं.

मग टेपमधली ती जागा आली. ठोका एकदा चुकला. पुन्हा चुकला.

पुढचं अख्खं मैदान खाली गेलं. बाप्ये, बाया, म्हातारे, सगळे एका दमात, मान गुडघ्यात, हात टाळक्यावर. आयांनी पोरं पोटाखाली घेतली. शीळ झाली नव्हती, पण इतक्या जणांच्या कानाला एकदम तोच ठोका लागला होता, आणि अंग कुठं विचारत बसतं. मागच्यांना काय कळणार? त्यांना एवढंच दिसलं की समोरचे शेकडो लोक एकाएकी जमिनीवर पडले. कोणीतरी गोळीबार म्हणून ओरडलं. अर्धी पोरं मागे पळाली, अर्धी पुढे रेटली गेली आणि बसलेल्यांच्या पाठीवर पडली. बायका किंचाळल्या. ज्यांच्या अंगावर पाय पडले ते उठून हाताला लागेल त्याला ठोकायला लागले. बांबू उपटले गेले. पोलीस आत घुसले आणि त्यांनी दिसेल त्याच्यावर काठ्या चालवल्या. एका पोरीचा हात कोपरातून उलटा वळलेला मी बघितला. तो आजही माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

पण हे सगळं मी नंतर बघितलं. आधी बघितलं ते असं, की ठोका चुकला आणि कोपऱ्यातला तो माणूस खाली बसला नाही. तो सुटला. एवढ्या वयाचा माणूस, पण स्टेज ओलांडून आला आणि सगळ्या अंगानिशी जिनूवर आदळला. दोघे पुढच्या स्पीकरवर पडले. जिनूचं तोंड लोखंडी कडेवर आपटलं आणि जबडा मोडल्याचा आवाज मला ड्रममागे ऐकू आला. अण्णा त्याच्यावर पालथा पडून त्याचं डोकं दोन्ही हातांनी झाकून राहिला.

मी धावत जाऊन टेप बंद केली. धोटा आलाच नव्हता, हे तेव्हा अण्णाच्या ध्यानात आलं. तो उठून जिनूच्या छातीवर बसला आणि त्यानं त्याला मारायला सुरुवात केली. उघड्या हातानं, एकेक थप्पड मापून. बांबू घेतलेले गावातले चारपाच जण जिनूला धरायला स्टेजवर चढत होते. मारतंय कोण हे बघितल्यावर ते पायरीवरच थांबले.

"शीळ कुठं हाय?" अण्णा म्हणाला. "समदं घातलंयस त्यात. माग घातलास, ठोका घातलास, धोटा घातलास. शीळ कुठं हाय?"

जिनूचं तोंड रक्तानं भरलं होतं. तो कसाबसा बोलला, "मी घातलीच न्हवती, अण्णा."

अण्णाचा वर गेलेला हात तिथंच राहिला. "कोण म्हणतंय?"

"मला म्हाईत हाय की. मी नुसता खाली बसलो."

"घातलीतीस. आख्ख्या कारखान्यानं ऐकली. समदी खाली बसली."

"आणि तू?"

अण्णानं हात खाली घेतला. खाली मैदानात पोलिसांच्या शिट्ट्या आणि रडारड चालली होती. मी तिथंच गुडघ्यावर बसले होते, पण त्या दोघांना मी दिसत नव्हते.

"शीळ तुजी हुती," अण्णा म्हणाला. "वळखली मी. तुला काय झालं म्हून तुज्याकडं बघितलं."

जिनूनं खालूनच मूठ वळली आणि भावाच्या गालफडावर हाणली. जोरात हाणली. अण्णाची टोपी उडाली. "मग सांगितलं का न्हाईस?" तो मोडक्या जबड्यानं ओरडला, शब्द नीट फुटत नव्हते. "सांगितलं का न्हाईस मला?"

"तू इचारलंस कवा? दवाखान्यात पडल्या पडल्या मी दाराकडं बघत हुतो. परत्येक वर्षी आलास, उंबऱ्यात हुबा ऱ्हायलास, पैशाचं पाकीट ठेवलंस, गेलास. इचारलंस कवा?"

त्यावर जिनू रडायला लागला, आणि जबडा मोडलेल्या माणसाचं रडणं बघवत नाही. अण्णानं त्याच्या छातीवरून उतरून आपल्या शर्टाच्या टोकानं त्याचं तोंड पुसायला घेतलं. पुसताना शिव्या चालूच होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमी मान धरा, मी पाय धरतो." माझं मनगट सुजून टम्म झालं होतं, तरी मी मान धरली. आम्ही त्याला मागच्या पायऱ्यांवरून उतरवून टेम्पोत घातलं.

त्या दिवशी कोणी दगावलं नाही, हे नशीब. हातपाय मात्र पुष्कळांचे मोडले, जिनूवर केस झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ती पोरगी मोडला हात घेऊन घरी गेली, तिच्याशी या दोन भावांच्या गोष्टीचा काय संबंध? मी हे जिनूला तेव्हाही ऐकवलं आणि आजही ऐकवते. सीडीवरून भांडणारे अजून भांडतात. परवा एका पोरानं मला विचारलं, की शिळेचा अभाव हे त्या रचनेचं मर्म आहे का. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

डॉक्टरांनी जिनूचा जबडा तारेनं बांधून टाकला. दीड महिना त्याला तोंड उघडायचं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून दवाखान्यात गेले, तर खोलीच्या बाहेरच अण्णाचा आवाज ऐकू आला. तो खाटेशेजारी स्टुलावर बसून बोलत होता. विहिरीचं पाणी आटलं ते, म्हशीला रेडकू झालं ते, शेजारच्या भरमूनं भिंत सरकवली ते, भावकीतल्या लग्नाला कोण कोण आलं नाही ते. जिनू डोळे उघडे ठेवून पडला होता आणि दोन्ही कानांच्या बाजूनं पाणी उशीवर उतरत होतं.

नर्स आत आली आणि अण्णाला रागावली, की पेशंटला विश्रांती घेऊ द्या, सकाळपासून तुमचं चाललंय. अण्णानं तिला हात जोडले.

"बाई, लई वर्सांनी गप गावलाय," तो म्हणाला. "बोलू द्या मला."